स्तंभ समपातळीत आणले की सरासरी दिसते

सरासरी काढायची म्हटलं की हात आधी कॅल्क्युलेटरकडे जातो. समोर स्तंभालेख असेल तर जरा थांबावं. पुष्कळदा उत्तर नजरेनेच सापडतं.

समजा, सोलापुरातल्या एका यंत्रमागावर सोमवार ते शनिवार अनुक्रमे १८, २२, २०, १४, २४ आणि २२ चादरी विणून झाल्या. गुरुवारी वीज गेली, म्हणून तो स्तंभ बुटका. आता अंदाजाने १९ वर पट्टी आडवी धरा. पट्टीच्या वर मंगळवारच्या ३, बुधवारची १, शुक्रवारच्या ५, शनिवारच्या ३, म्हणजे १२ चादरी जास्त. खाली सोमवारची १ आणि गुरुवारच्या ५, म्हणजे ६ कमी. वरच्या १२ मधून खालचे खड्डे बुजवले तरी ६ उरतात. त्या ६ चादरी सहा दिवसांत वाटल्या की प्रत्येक स्तंभ एकाने वाढतो आणि सरासरी येते २०. बेरीज करून पाहा, १२० भागिले ६, तेच उत्तर. दहावीतली गृहीतमध्य पद्धत ती हीच. मुलं ती नुसतं सूत्र म्हणून पाठ करतात, याची मला खरंच हळहळ वाटते.

मात्र स्तंभाची उंची काय मोजते, हे आधी वाचायला हवं. एका खानावळीत २० जण जेवले. चौघांनी १, दहा जणांनी २ आणि सहा जणांनी ३ कडक भाकऱ्या खाल्ल्या. याचा स्तंभालेख काढला तर १, २ आणि ३ भाकऱ्यांच्या तीन स्तंभांची उंची माणसांची आहे, भाकऱ्यांची नाही. उंचींचीच सरासरी काढली तर ६.६७ येईल, आणि तेवढ्या भाकऱ्या तर कुणीच खाल्ल्या नाहीत! आधी गुणाकार: ४ + २० + १८ = ४२ भाकऱ्या. त्यांना २० ने भागलं की २.१.

पावसाच्या आलेखात तर सरासरीची रेषा फार जपून वाचावी. सोलापूर पर्जन्यछायेत. इथे सप्टेंबरचा स्तंभ सहसा सर्वांत उंच, तर उन्हाळ्याआधीचे महिने जवळपास कोरडे. वर्षाचा पाऊस बारांनी भागून जो आकडा येतो, तसा पाऊस जानेवारीतही पडत नाही आणि सप्टेंबरातही नाही. रब्बीची ज्वारी पेरली जाते ती सप्टेंबरच्या पावसाने जमिनीत धरलेल्या ओलीवर. पेरणी ठरवणाऱ्याला त्या एका स्तंभाची उंची कळायला हवी.