जंतू नुसता बघून ओळखता येतो का?

सोलापुरात लॅबच्या बाकावर हमखास ऐकू येतं, "सूक्ष्मदर्शकातून बघितलं की जंतू कळतो, लघवीच्या कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघायला, दोन-तीन दिवस उगाच लावतात." तसं नाही. १८८४ साली ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने मांडलेल्या रंगपद्धतीत ई. कोलाय आणि क्लेबसिएला, लघवीत सापडणारे हे दोन्ही जंतू गुलाबी दांडकीच दिसतात. चादरीचा कस लांबून रंगावर ठरवावा, तसलं ते. म्हणून जंतू आधी वाढवायचा, मग त्याच्या सवयी तपासायच्या. जंतू इंडोल नावाचं रसायन बनवतो का, हे बघणाऱ्या इंडोल चाचणीत ई. कोलाय लाल कडं देतो, क्लेबसिएला न्यूमोनिये सहसा देत नाही. नुसत्या सिट्रेटवर जंतू वाढतो का, या चाचणीत उलट: क्लेबसिएला हिरवं माध्यम निळं करतो, ई. कोलायमुळे ते हिरवंच राहतं. एकाच चाचणीवर विसंबलं तर फसगत ठरलेली; क्लेबसिएलाचीच दुसरी जात, क्लेबसिएला ऑक्सिटोकाही इंडोलला लालच होतो! शिवाय औषध कोणतं लागू पडेल, तेही याच वाढवलेल्या जंतूवर बघतात.