कार्लो अकुतिस: जीन्स-स्नीकर्समधला संत आला कुठून?

७ सप्टेंबर २०२५ ला पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अकुतिस या १५ व्या वर्षी वारलेल्या इटालियन मुलाला कॅथलिक चर्चचा संत जाहीर केलं तेव्हा त्याचे आईवडील आणि धाकटी जुळी भावंडं तिथे हजर होती. मुलगा संत झालेला आईने डोळ्यांनी बघायचा, हे फार क्वचित घडतं, १९५० मध्ये इटलीच्याच संत मारिया गोरेत्तीच्या आईच्या नशिबी ते आलं होतं. आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला आणि त्याला संतपद मिळालं १८६२ मध्ये, म्हणजे २६५ वर्षं, आणि कार्लोचं सगळं मृत्यूनंतर १९ वर्षांत आटोपलं!

जन्म लंडनचा, ३ मे १९९१. वाढला मिलानमध्ये. घरचं एकदम उत्तम, वडील इन्शुरन्सच्या धंद्यातले, पण घरात धर्माचं वातावरण जवळजवळ नाहीच. आई अंतोनिया स्वतःच सांगते की कार्लो व्हायच्या आधी ती मिस्सेला गेली असेल तीनदा, त्यातलं एक स्वतःच्या लग्नाला. पोरगं मात्र लहानपणापासून रस्त्यात चर्च दिसलं की आत जाऊया म्हणून हट्ट धरणारं, सातव्या वर्षी फर्स्ट कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी) आणि पुढे रोज मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना. त्याच्या प्रश्नांना उत्तरं देता येईनात म्हणून शेवटी आईच धर्माचा अभ्यास करायला बसली. घरी कामाला असलेला मॉरिशसचा राजेश मोहुर हिंदू ब्राह्मण घरातला, तोही कार्लोशी बोलता बोलता ख्रिस्ती झाला.

बाकी मुलगा चारचौघांसारखाच. प्लेस्टेशन होतं, पण आठवड्याला एकच तास असा नियम त्याने स्वतःलाच घातलेला. कॉम्प्युटरचं वेड जबरदस्त, कोडिंग पुस्तकं वाचून शिकला आणि मिस्सेतल्या भाकरीबद्दल जगभर जे चमत्कार सांगितले जातात, इटलीतल्या लान्चानो गावचा वगैरे, त्या सगळ्यांची माहिती जमवून वेबसाइट केली. त्याचंच पुढे प्रदर्शन झालं आणि ते पाचही खंडांत फिरलं. चमत्कारांवर तुमचा विश्वास असो नसो, शाळकरी पोराने एवढं खपून काम करायचं म्हणजे कमालच आहे.

ऑक्टोबर २००६ मध्ये साधा फ्लू वाटला, निघाला ल्युकेमिया, आणि काही दिवसांतच १२ तारखेला मोन्झाच्या हॉस्पिटलमध्ये गेला, वय १५. अंत्यविधीला बेघर माणसं आणि बाहेरदेशातून आलेले कामगार एवढे आले की घरच्यांनाही हे सगळे कोण ते माहीत नव्हतं. खिशातले पैसे तो कुणाला देत होता ते तेव्हा कळलं. आणि बरोबर चार वर्षांनी, १२ ऑक्टोबरलाच, आईला जुळी झाली.

आता संतपदाचं कसं असतं, तर मृत्यूनंतर किमान पाच वर्षं थांबायचं, मग चौकशी, साक्षी, कागदपत्रं, आणि पुढे दोन चमत्कार लागतात जे डॉक्टरांच्या पॅनेलपुढे टिकायला हवेत. पहिला, ब्राझीलमधला स्वादुपिंडाचा जन्मजात दोष असलेला मुलगा बरा झाल्याचा, त्यावर २०२० मध्ये इटलीतल्या असिसीत, जिथे त्याची कबर आहे, त्याला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. दुसरा, फ्लॉरेन्सला सायकलवरून पडून डोक्याला जबर मार बसलेली कोस्टारिकाची विद्यार्थिनी बरी झाल्याचा, तिची आई असिसीला कार्लोच्या कबरीपाशी प्रार्थनेला गेली आणि त्याच दिवसापासून मुलगी सुधारायला लागली असं सांगतात. एप्रिल २०२५ चा मुहूर्त ठरला होता, पण त्याच आठवड्यात पोप फ्रान्सिस वारले आणि सगळं पुढे ढकललं गेलं.

एवढी घाई का, तर मला वाटतं गरज चर्चलाच होती. युरोपात तरुण चर्चकडे फिरकत नाहीत, आणि इथे आयताच जीन्स आणि स्नीकर्स घातलेला मुलगा, असिसीतल्या कबरीत काचेआड तसाच दिसणारा. (शरीर न कुजता टिकलंय ही अफवा हां, चेहरा सिलिकॉनचा आहे आणि हे तिथल्या बिशपनीच स्पष्ट केलंय.) पैसेवाल्या घरामुळे काम सोपं झालं अशी टीकाही होते, आणि ती अगदीच उडवून लावण्यासारखी नाही. मागणी इतकी वाढली की २०२५ मध्ये कुणीतरी त्याचे म्हणून केस ऑनलाइन लिलावाला काढले, बोली दोन हजार युरोंच्या वर गेली, आणि बिशपना तपास यंत्रणेकडे तक्रार करावी लागली.