मये तळ्यावरील कयाक आणि पायवाटा : येण्यापूर्वी वाचावी अशी माहिती

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील मये येथील तळे हे सर्वांसाठी खुले असलेले सार्वजनिक स्थळ आहे. भोवती झाडीने भरलेल्या टेकड्या, मध्ये गोड्या पाण्याचे तळे आणि काठाने व टेकडीवर फिरण्यासाठी वाटा, एवढेच येथे आहे, आणि किनाऱ्यावरच्या गर्दीला कंटाळलेल्या कुटुंबाला तेवढे पुरेसे असते. आमची छोटी संस्था येथे ग्राहकांना कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची हलकी छोटी नाव, चालवायला शिकवते आणि वाटाड्यासह पायी फिरवते. नोंदणी झाली की हे पत्रक आम्ही लगेच पाठवतो, कारण काठावर पोहोचल्यावर मुलांची घाई सुरू होते आणि मग सूचनांकडे कुणाचे लक्ष राहत नाही. समुद्रावर लाट दिसते म्हणून माणूस आपोआप सावध असतो, पण तळ्याचे स्थिर पाणी पाहून तो निर्धास्त होतो. त्यामुळे या पत्रकाचा बराचसा भाग सुरक्षिततेला दिलेला आहे.

कोणत्या दिवसांत आणि किती वाजता यावे

कयाकच्या फेऱ्या आम्ही ऑक्टोबरपासून मेपर्यंत चालवतो आणि जून ते सप्टेंबर पूर्णपणे बंद ठेवतो. पावसाळ्यात टेकड्यांवरून उतरणारे लाल पाणी तळ्यात येते, त्याबरोबर ओंडके आणि फांद्या येतात, आणि गढूळ पाण्याखाली काय आहे हे वरून कळत नाही. ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाचे ढग दुपारनंतर भरून येतात आणि विजा होतात, म्हणून त्या महिन्यात दुपारची फेरी ठेवत नाही. वीज चमकली किंवा गडगडाट ऐकू आला, तर पाऊस सुरू झालेला नसला तरी सर्व कयाक तत्काळ काठावर आणल्या जातात, आणि शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास उलटेपर्यंत कुणालाही पाण्यात सोडले जात नाही. या बाबतीत आग्रह करू नये.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. जानेवारीत सूर्य सात वाजण्याच्या सुमारास उगवतो, आणि त्यानंतरचे दोन-अडीच तास पाणी जवळजवळ हलतच नाही. दिवस चढला की जमीन तापते, समुद्राकडून वारा सुटतो आणि टेकड्यांमधल्या मोकळ्या जागेतून तो झोताने तळ्यावर येतो. नवख्या माणसाला हा वारा काठावरून किरकोळ वाटतो, परंतु कयाक हलकी आणि पाण्यावर उंच तरंगणारी असल्यामुळे ती चटकन आडवी वळते. मार्चनंतर ऊन कडक होते, म्हणून उन्हाळ्यात साडेनऊपूर्वी पाण्याबाहेर येणे आम्ही बंधनकारक केले आहे. तळ्याजवळ 2019 पासून बंजी जंपिंगचीही सोय झाली आहे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी दुपारी त्या भागात वर्दळ असते. ज्यांना शांतता हवी आहे त्यांनी शक्यतो कामाच्या दिवशी, सकाळच्या पहिल्या फेरीला यावे.

अंगावर काय असावे

जीन्स, साडी, लांब ओढणी किंवा पायघोळ कुर्ता घालून कयाकमध्ये बसता येणार नाही, कारण सुती जाड कापड भिजले की जड होते आणि पाण्यात पायांना गुंडाळते. लवकर वाळणारे, अंगाबरोबरचे कपडे आणि टाचेमागे पट्टा असलेल्या सँडल घालाव्यात. टोपीला आणि चष्म्याला दोरी असावी. मोबाइल जलरोधक पिशवीत ठेवावा. अशी पिशवी आम्ही देतो. कपड्यांचा एक कोरडा जोड गाडीत असू द्यावा.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला घालावेच लागते. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही यातून सूट नाही, कारण अचानक पाण्यात पडलेला माणूस पहिल्या काही क्षणांत दचकून श्वास ओढतो आणि नेमके त्याच वेळी त्याचे तोंड पाण्याबाहेर असणे आवश्यक असते. जॅकेट योग्य बसले आहे की नाही हे पाहण्याची पद्धत सोपी आहे. सर्व बंद आवळल्यावर दुसऱ्या माणसाने खांद्यावरचे पट्टे धरून जॅकेट वर ओढावे. ते कानांपर्यंत सरकले, तर माप मोठे आहे असे समजावे. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून घ्यायचा पट्टा असतो, तो उकाडा होतो म्हणून सोडू नये. आठ वर्षांखालील मुलांना आम्ही कयाकमध्ये घेत नाही, आणि चौदा वर्षांखालील मुलांबरोबर त्याच कयाकमध्ये प्रौढ व्यक्ती असावी लागते. गरोदर स्त्रिया, फेफऱ्याचा त्रास असलेल्या व्यक्ती आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले यांनी पाण्यात न उतरता पायवाटेची फेरी निवडावी. मद्यपान केलेल्या व्यक्तीला कोणत्याही कारणाने कयाक दिली जात नाही.

कयाक चालवताना

आमच्याकडील कयाक वरून उघड्या, प्लास्टिकच्या आणि दोन आसनांच्या आहेत. त्यांच्या तळाला आरपार छिद्रे असतात. ती पाहून नावेला भोके पडली आहेत असा पुष्कळांचा समज होतो, पण आत आलेले पाणी त्याच छिद्रांतून खाली निघून जाते आणि पोकळ बंदिस्त तळामुळे कयाक तरंगत राहते. दोघांपैकी वजनाने जास्त असलेल्या व्यक्तीने मागे बसावे. पुढचा माणूस वल्ह्याची लय ठरवतो आणि मागचा त्याच्याकडे पाहून तीच लय धरतो व दिशा सांभाळतो. पती-पत्नी पहिल्यांदा एकत्र बसली की दोघेही दिशा सांभाळू पाहतात आणि कयाक जागच्या जागी फिरते. तेव्हा कोण पुढे आणि कोण मागे हे काठावरच ठरवून घ्यावे.

वल्हे दोन्ही टोकांना पाते असलेले असते. ते डोक्यावर आडवे धरले असता दोन्ही कोपर काटकोनात यावेत, म्हणजे हातांमधील अंतर बरोबर आहे. पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे असावी. पाय समोरच्या खाचेत टेकवावेत, पाठ ताठ ठेवावी, पाते पायाच्या बोटांच्या रेषेत पाण्यात घालावे आणि कमरेजवळ आले की बाहेर काढावे. त्याहून मागे ओढल्यास कयाक पुढे न जाता केवळ वळते. जोर दंडांतून न काढता कमरेपासून अंग वळवून काढावा, अन्यथा पंधरा मिनिटांत खांदे भरून येतात. वळायचे असल्यास बाहेरच्या बाजूने पुढून मागे मोठा अर्धगोल काढावा. थांबायचे असल्यास दोन्ही बाजूंनी आळीपाळीने उलटे वल्हवावे. वल्ह्याची मूठ घट्ट आवळून धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बेचक्यात हमखास फोड येतो, म्हणून बोटे सैल ठेवावीत. जाताना नेहमी वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून जावे, म्हणजे दमल्यावर परतताना वारा पाठीशी असतो. वारा पाठीवर घेऊन मजेत दूर गेलेल्यांनाच परतताना आमच्या मदतनिसाला हाक मारावी लागते.

कयाक उलटली तर

पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येक गटाकडून आम्ही कंबरभर पाण्यात याचा सराव करून घेतो. त्यात वेळ जातो अशी तक्रार कधी कधी होते, परंतु हा सराव वगळून फेरी देणे आम्हाला मान्य नाही. उलटलेल्या कयाकला धरून राहावे, तिला सोडून काठाकडे पोहत जाऊ नये. मोठी रंगीत कयाक मदतनिसाला लांबून दिसते, एकट्या माणसाचे डोके दिसत नाही. वल्हे हातातून सुटू देऊ नये. दोघांनी एकाच बाजूला येऊन पलीकडची कड आपल्याकडे ओढली की कयाक सरळ होते. मग एकाने पलीकडे जाऊन ती स्थिर धरावी, दुसऱ्याने पाय मागे पसरून जोराने हलवावेत, पोटावर आडवे कयाकवर सरकावे, आणि त्यानंतरच वळून बसावे. आधी गुडघा टेकवण्याचा प्रयत्न केला, तर कयाक पुन्हा अंगावर येते. काठावर सरकारने नेमलेले जीवरक्षक असतात, त्यांची शिट्टी आणि हाताची खूण आमच्या सूचनेहून वरची मानावी.

एप्रिल-मेमध्ये पाणी उतरते आणि कडेला चिखलाचा पट्टा उघडा पडतो. वरून तो वाळलेला व भेगाळलेला दिसतो, पण पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत जातो. ठरलेल्या धक्क्याखेरीज कोठेही कयाकमधून उतरू नये.

पाखरांपासून अंतर

पाण्यातून वर आलेल्या एखाद्या खोडावर पाणकावळा पंख पसरून बसलेला दिसेल. त्याची पिसे पाण्यात भिजतात, म्हणून बुडी मारून मासे धरल्यावर त्याला पंख वाळवावे लागतात. चांगले छायाचित्र मिळावे म्हणून आपण जवळ गेलो, तर तो ओल्या पंखांनीच उडतो आणि दुसरीकडे जाऊन त्याला सारे पुन्हा करावे लागते. इंजिनाची होडी लांबूनच ऐकू येते. कयाक मात्र आवाज न करता अगदी जवळ पोहोचते, त्यामुळे पक्षी उशिरा आणि जास्त दचकतात, असे आमच्या पाहण्यात आले आहे. पक्ष्याने मान वर करून आपल्याकडे पाहिले की वल्हे थांबवावे आणि हळूच मागे यावे. पाणवनस्पतींच्या पट्ट्यात कयाक घालू नये. तळ्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास आमच्या फेरीत परवानगी नाही.

याच कारणामुळे काही जागी आम्ही कयाक नेतच नाही. जुने गोव्याजवळचे करमळीचे तळे अडई बदकांसाठी प्रसिद्ध आहे. ही बदके मुख्यतः रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर विसावतात, म्हणजे आपली सहलीची वेळ ती त्यांची झोपेची वेळ असते. कुडचडे येथील नंदा तळे 42 हेक्टरचे असून 2022 मध्ये गोव्यातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून त्याची नोंद झाली. तेथील पाणी स्थानिक शेतकरी दारे उघडून व बंद करून भातशेतीसाठी वापरतात. ही दोन्ही ठिकाणे काठावर उभे राहून दुर्बिणीतून पाहावीत, ती तशीच उत्तम दिसतात. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, आणि जुवारी नदीकाठच्या गावांत पौषात मातीची मगर करून मानगे थापणी केली जाते, ती या सहवासाचीच खूण आहे. त्या पाण्यात फेरी ठेवण्याची मागणी अनेकदा येते. ती आम्ही स्वीकारत नाही.

पायवाटेची फेरी

पायी फिरण्याचा कार्यक्रम आम्ही चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर, पाऊस ओसरू लागला की सुरू करतो. तेव्हा सड्यावर, म्हणजे टेकडीमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर, जांभ्या दगडाच्या उथळ खळग्यांत पाणी साचलेले असते आणि त्याच्या कडेने सीतेची आसवे ही बोटभर उंचीची जांभळी फुले गालिच्यासारखी पसरलेली असतात. या रोपाला मुळांऐवजी ओल्या मातीत बारीक पिशव्या असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव ओढले जातात. एकाच पावलाखाली डझनभर रोपे जातात, म्हणून वाटाड्याच्या मागे एका ओळीतच चालावे. जांभ्यावर शेवाळ असताना तो अत्यंत निसरडा होतो. गुळगुळीत तळव्यांच्या चपला घालून आलेल्यांना वर नेता येत नाही.

उतारावर माट्टी, किंदळ आणि कुमयाची झाडे आहेत, खालच्या अंगाला काजूच्या बागा आणि कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा) आहेत. मार्च ते मे या काळात वाटेवर काजूचे बोंडू पडलेले दिसतील. बाग कुणाच्या तरी मालकीची किंवा खंडाने घेतलेली असते आणि हंगामातला बोंडू हे त्या घराचे वर्षाचे उत्पन्न असते, तेव्हा मुलांनाही तेथे हात लावू देऊ नये. शेजारच्या सत्तरी तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत आणि हा ताप गोचिडींमुळे पसरतो, म्हणून कोरड्या महिन्यांत पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पाचोळ्यावर बसू नये आणि घरी गेल्यावर अंग तपासून गरम पाण्याने स्नान करावे. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वाटाड्याला सांगावे. साप दिसला तर थांबावे आणि त्याला जाऊ द्यावे. दंश झाल्यास जखम कापू किंवा आवळून बांधू नये. माणसाला चालू न देता 108 वर रुग्णवाहिका बोलवावी.

उघड्यावर स्वयंपाक करणे, मद्यपान करणे आणि बाटल्या टाकणे यांस पर्यटनस्थळांवर कायद्याने मनाई आहे. सोबत आणलेले खाणे डब्यात आणावे आणि रिकामे वेष्टन परत न्यावे. फळांच्या सालीही टाकू नयेत, कारण त्यांमुळे माकडे माणसांच्या पिशव्यांवर येऊ लागतात.

पोहोचण्याचा मार्ग आणि नोंदणी

पणजीहून येणाऱ्यांना रायबंदरच्या फेरीबोटीने चोडण बेटावर उतरून मयेला येता येते. हाच मार्ग आम्हाला अधिक आवडतो, कारण परतताना बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यही पाहता येते. सकाळी व संध्याकाळी फेरीबोटीसाठी वाहनांची रांग लागते, तेवढा वेळ हाताशी ठेवावा. म्हापशाकडून अस्नोड्यावरून, बेळगावहून चोर्ला घाट उतरून साखळीमार्गे आणि दोडामार्गाकडून थेट डिचोलीला यावे. बसने येणाऱ्यांनी डिचोली बसस्थानकावर उतरल्यावर कळवल्यास आम्ही वाहन पाठवतो. छत्रपती शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार केलेले नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वराचे देवालय येथून जवळ आहे. फेरीनंतर दर्शनाला जायचे असल्यास कपडे बदलण्याची व्यवस्था आमच्याकडे आहे.

एका फेरीत आम्ही पाचांपेक्षा अधिक कयाक सोडत नाही, म्हणून नोंदणी आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत करावी. वारा, वीज किंवा पाणी यांमुळे फेरी आम्ही रद्द केल्यास भरलेली संपूर्ण रक्कम परत केली जाते, आणि पाण्यात उतरल्यावर अर्ध्यावर परतावे लागल्यास अर्धी रक्कम परत मिळते. नोंदणी करताना गटातील प्रत्येकाचे वय, अंदाजे वजन आणि पोहता येते की नाही हे कळवावे, म्हणजे जॅकेटची योग्य मापे सकाळी काठावर तयार असतील.