क्विक्सॉटिक माणूस, युटोपियन योजना

‘युटोपियन’ आणि ‘क्विक्सॉटिक’ या दोन्ही इंग्रजी विशेषणांचं मराठी करताना आपण ‘अव्यवहार्य’ म्हणून मोकळे होतो. पण पहिलं विशेषण मुख्यतः योजनेला लागतं, तर दुसरं माणसाला आणि त्याच्या करणीला.

‘युटोपिया’ हे इंग्रज लेखक थॉमस मोर यांनी १५१६ साली कल्पिलेल्या बेटाचं नाव. त्यामागच्या ग्रीक शब्दांचा अर्थ होतो ‘नसलेलं ठिकाण’. कागदावर निर्दोष, पण प्रत्यक्षात उतरणं अशक्य, अशी समाजाची आखणी म्हणजे युटोपियन. हा शब्द सहसा चुकत नाही.

चुकतो तो ‘क्विक्सॉटिक’. सर्व्हान्टेसच्या १६०५ सालच्या स्पॅनिश कादंबरीतल्या डॉन किहोते (Quixote) या नायकावरून तो आला. शौर्यकथा वाचून वाचून हा गृहस्थ अन्याय निवारायला घोड्यावर बसून निघतो. पवनचक्क्यांना राक्षस समजून तो त्यांच्यावर भाला घेऊन धावतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला मात्र झाडाला बांधलेला तो मेंढपाळ पोरगा विसरता येत नाही. मालक त्याला पट्ट्याने फोडून काढत असतो. किहोते मालकाला दरडावतो, पोराचा थकलेला पगार देण्याचं वचन घेतो आणि दिलेला शब्द पाळला जाणारच, अशा खात्रीने निघून जातो. त्याची पाठ वळताच मालक पोराला पुन्हा बांधतो आणि आधीपेक्षा जास्त मारतो. पुढे भेट होते तेव्हा तो पोरगा हात जोडून सांगतो की माझे तुकडे करत असले, तरी मदतीला येऊ नका.

हेतू निर्मळ, धाडस खरं, पण समोरच्या जगाचा अंदाज साफ चुकलेला. ही तिन्ही एकत्र असली तरच ‘क्विक्सॉटिक’ शोभतो. घरी बसून मनोरे रचणारा नुसता स्वप्नाळू. स्वार्थासाठी अचाट काही करणारा फार तर बेफाम.

जगातली सगळी शस्त्रं दहा वर्षांत नष्ट करण्याचा आराखडा युटोपियन म्हणता येईल. त्यासाठी दर आठवड्याला एकेका राष्ट्रप्रमुखाला स्वतःच्या हाताने पत्र लिहिणारा एकटा माणूस क्विक्सॉटिक.

मराठीत ‘ध्येयवेडा’ जवळचा वाटतो, पण त्यात कौतुकच जास्त, हळहळ नाही. म्हणून मी ‘भाबडा ध्येयवादी’ असं लिहिते. ‘भाबडा’ म्हणताना आपल्या आवाजात माया असते आणि काळजीही.