इस्रायलचे अरब नागरिक : लोकसंख्या नोंदवहीतल्या एका रकान्याची पार्श्वभूमी

इस्रायली कायद्यात ‘एझराखूत’ म्हणजे नागरिकत्व वेगळे आणि ‘लेओम’ म्हणजे राष्ट्रीयत्व वेगळे. नागरिकत्व सगळ्यांचे इस्रायलीच. लोकसंख्या नोंदवहीत राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात मात्र ज्यू, अरब, द्रूझ (अरबी बोलणारा एक वेगळा धर्मपंथ) अशी नोंद होते. तिथे ‘इस्रायली’ लिहू द्या, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फेटाळली. पुढचे बहुतेक वाद या फरकातून निघतात.

१९४८ च्या युद्धानंतर सुमारे दीड लाख अरब इस्रायलच्या हद्दीत उरले. १९५० च्या परतीच्या कायद्याने जगातल्या कुठल्याही ज्यूला तिथे येऊन नागरिक होण्याचा हक्क मिळाला. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायलीही याच वाटेने नागरिक झाले. तिथेच जन्मलेल्या अरबाला मात्र १९५२ च्या नागरिकत्व कायद्यानुसार तीन गोष्टी दाखवाव्या लागत: १ मार्च १९५२ रोजी रहिवासी नोंदणीत नाव, कायदा लागू झाला त्या दिवशी देशात वास्तव्य, आणि राज्यस्थापनेपासून तोवर सलग मुक्काम किंवा मधल्या काळात कायदेशीर प्रवेश. घोडे अडायचे ते तिसऱ्या अटीवर. लढाईत लेबनॉनला पळून गेलेला आणि रात्री सीमा ओलांडून आपल्याच घरी परतलेला माणूस तीत बसत नसे. अशी हजारो माणसे वर्षानुवर्षे कोणत्याच देशाची नागरिक नव्हती. अट सैल झाली ती थेट १९८० च्या दुरुस्तीने.

नागरिकत्व मिळाले तरी १९६६ पर्यंत बहुतेक अरब गावे लष्करी अंमलाखाली होती. मतदानाचा हक्क होता, पण दुसऱ्या गावी जायला परवाना लागे. जमिनीचे तर आणखी बिकट. देशातच, पण आपल्या गावाबाहेर विस्थापित झालेल्यांना १९५० च्याच दुसऱ्या एका कायद्याने ‘गैरहजर’ ठरवून त्यांची मालमत्ता सरकारी ताब्यात घेतली. उत्तर इस्रायलमधल्या गॅलिलीतल्या इक्रित या अरब गावाला नोव्हेंबर १९४८ मध्ये सैन्याने दोन आठवड्यांसाठी म्हणून बाहेर काढले. १९५१ मध्ये न्यायालयाने परतण्याचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी नाताळात सैन्याने घरे उडवून दिली. चर्च तेवढे राहिले. मृतांना तिथल्या दफनभूमीत पुरायला पुढे परवानगी मिळाली, जिवंतांना घर बांधायला नाही. हा अन्याय न्यायालयाच्या निकालानंतरचा आहे, हे विसरता कामा नये.

पूर्व जेरुसलेमचे अरब या नागरिकांत धरू नयेत. १९६७ च्या युद्धात इस्रायलने तो भाग घेतल्यानंतर त्यांना नागरिकत्व नव्हे, कायम रहिवासाचा दर्जा मिळाला, आणि शहराबाहेर दीर्घकाळ राहिल्यास तो जाऊ शकतो.

जुलै २०१८ च्या राष्ट्र-राज्य मूलभूत कायद्याने राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त ज्यू जनतेचा ठरवला आणि अरबी भाषा अधिकृत न राहता ‘विशेष दर्जा’ची झाली. संसदेतले मतदान ६२ विरुद्ध ५५ होते.