खान्देशातील वकिली व्यवसाय आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

निवाड्यांचा शोध, मसुदालेखन, भाषांतर, कागदपत्रांची छाननी आणि तोंडी जबाबांचे लेखन या वकिली कामांत संगणकीय प्रणालींचा जो वापर होतो, त्याचा जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या संदर्भात येथे विचार केला आहे. हे तिन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात. खालच्या न्यायालयांचे कामकाज प्रामुख्याने मराठीत आणि उच्च न्यायालयाचे इंग्रजीत चालत असल्यामुळे अपील दाखल करायचे म्हटले की दावा, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), जबाब आणि निशाण्या (पुराव्यात दाखल केलेली कागदपत्रे) यांचे इंग्रजी भाषांतर करावे लागते. या प्रणालींचा प्रत्यक्ष उपयोग येथे सर्वाधिक होतो तो याच टप्प्यावर.

भाषांतरासाठी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सुवास’ ही प्रणाली सुरू केली, तर न्यायाधीशांना संशोधनात साहाय्य करणारी ‘सुपेस’ एप्रिल २०२१ मध्ये आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीपासून घटनापीठापुढील युक्तिवाद यंत्राद्वारे तत्काळ शब्दबद्ध होऊ लागले. ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी मंजूर झालेल्या ७,२१० कोटी रुपयांपैकी ५३.५७ कोटी कृत्रिम बुद्धिमत्तेसारख्या नव्या तंत्रज्ञानासाठी राखून ठेवले आहेत. सर्वोच्च न्यायालयाचे अनेक निवाडे आता मराठीतही वाचता येतात. मात्र यंत्राने केलेले भाषांतर जाणकाराने तपासल्याशिवाय वापरता येत नाही. ‘लीव्ह ग्रँटेड’ म्हणजे अपिलास परवानगी, रजा मंजूर नव्हे. आणि करारातील ‘कन्सिडरेशन’ म्हणजे मोबदला, विचार नव्हे, हे वकिलाला सांगावे लागत नाही, यंत्राला मात्र संदर्भावरून ओळखावे लागते.

शोधाच्या कामात वेळेची बचत मोठी होते, पण धोकाही तिथेच असतो. खान्देशातील दिवाणी कामात वाटणीचे दावे नेहमीचे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मिळाला. तथापि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणे आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले होते. ऑगस्ट २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय रद्दबातल ठरवला. प्रणालीने जुना निवाडा पुढे केला आणि वकिलाने तो नंतर टिकला की नाही हे पाहिले नाही, तर बहिणीचा दावा चुकीच्या पायावर लढवला जाईल. इथे निवाडा निदान खरा तरी असतो; कधी कधी यंत्र मुळात अस्तित्वातच नसलेला निवाडा पक्षकारांची नावे व पृष्ठक्रमांकासह रचून देते. अशाच बनावट निवाड्यांचा आधार दिल्याबद्दल न्यूयॉर्कमधील संघीय न्यायालयाने जून २०२३ मध्ये वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात उद्धृत केलेले निवाडे सापडलेच नाहीत. प्रणालीने दिलेली माहिती पडताळल्याशिवाय वापरू नये, असेही न्यायालयाने बजावले. वकीलपत्रावर सही वकिलाची असते, तेव्हा मसुदा ज्युनियरने लिहिला की यंत्राने, याने जबाबदारीत फरक पडत नाही.

गोपनीयतेचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ चे संरक्षण आहे. त्याच गोष्टी मोबाइलवरील फुकटच्या प्रणालीत जशाच्या तशा टाकणे हा निष्काळजीपणा होय. नावे व गट क्रमांक वगळणे ही किमान काळजी.

खरी अडचण मात्र त्याआधीच, साक्षीदाराच्या तोंडून निघालेल्या शब्दापासून सुरू होते. ‘हाई वावर मना बापनं शे’, म्हणजे हे शेत माझ्या वडिलांचे आहे, असे अहिराणीत सांगितले असता प्रमाण मराठीवर घडवलेली प्रणाली ‘शे’ला शंभर आणि ‘मना’ला मन समजण्याची शक्यता असते. अहिराणीत ‘आंडोर’ म्हणजे मुलगा आणि ‘आंडेर’ म्हणजे मुलगी. वारसाच्या दाव्यात एका स्वराच्या चुकीने वंशावळच बदलते. लेवा गणबोली, भिली आणि पावरी यांचीही गत वेगळी नाही, कारण या बोलींतला लिखित मजकूरच इतका थोडा आहे की यंत्राने शिकावे कशावरून?

जुन्या कागदांचेही तसेच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक खरेदीखते व नोंदी मोडीत आहेत, आणि १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाल्याने दप्तराचा माग काढणेही सोपे नसते. मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारे प्रारूप आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मांडले. असे लिप्यंतर कोणता कागद मोडी जाणकाराकडे न्यायचा हे ठरवण्यापुरते उपयोगी आहे. न्यायालयात मात्र त्याच जाणकाराचे वाचन लागते.

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील वनहक्क दाव्यांत तर लेखी पुरावा बहुधा तोकडाच असतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियम १३ गावातील वृद्धांचे लेखी नोंदवलेले जबाब पुरावा म्हणून मान्य करतो. उपग्रहचित्रांतून जुनी वहिवाट शोधणाऱ्या प्रणाली आता उपलब्ध असल्या, तरी २०१२ च्या दुरुस्तीने घातलेला नियम स्पष्ट आहे: उपग्रहचित्रे व तत्सम तंत्रज्ञान इतर पुराव्यास पूरक ठरू शकते, त्याची जागा घेऊ शकत नाही. त्यामुळे चित्रात शेत दिसले नाही म्हणून दावा फेटाळला गेला, तर वकिलाला अपिलात पहिला मुद्दा हाच घेता येतो.