हरणाचं मटण आणि उस्मानाबादी बोकड

किडनी नीट चालते का हे सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढल्याचं कळलं की गावाकडं सल्ले सुरू होतात. मटण बंद करा, हा पहिला. दुसरा जरा दबक्या आवाजात येतो: दुकानातलं सोडा, रानससा नाहीतर तितर मिळालं तर बघा, रानातलं अंगाला हलकं असतं. त्यात अमेरिकेत किडनीच्या रुग्णांना हरणाचं मटण चालतं, असं कुणीतरी मोबाइलवर पाहिलेलं असतं.

तिकडं ते का चालतं? चरबी कमी, 100 ग्रॅममागे साधारण 2 ते 3 ग्रॅम, हे एक कारण. मोठं कारण वेगळंच आहे. तिथल्या सुपरमार्केटमधल्या पुष्कळशा मांसात मिठाचं आणि फॉस्फेटचं पाणी सुईनं भरलेलं असतं. मांस रसरशीत राहतं, वजनही वाढतं. असं वरून घातलेलं फॉस्फेट आतडी जवळजवळ सगळंच शोषून घेतात. मांसातलं मूळचं फॉस्फरस निम्म्याच्या आसपास शोषलं जातं. ज्वारी-डाळीतलं त्याहून कमी, कारण ते फायटेटमध्ये, म्हणजे धान्या-डाळींत फॉस्फरस धरून ठेवणाऱ्या घटकात, अडकलेलं असतं. थकलेल्या किडनीला जादा फॉस्फरस बाहेर टाकता येत नाही. मग हाडं कमजोर होतात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं. जंगलातल्या हरणाला कुणी सुई टोचलेली नसते, एवढाच त्याचा मोठेपणा.

आता आपला उस्मानाबादी बोकड घ्या. खाटकानं डोळ्यांदेखत तोडून दिलेल्या मटणात फॉस्फेटचं पाणी कुठून येणार? वरची चरबी काढली तर ते हरणाच्या जवळपास जातं. प्रथिनं 100 ग्रॅममागे 20 च्या आसपास, हरणात 22-23. रानससा, तितर, काळवीट मारणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी किडनीच्या हिशेबात त्या शिकारीतून जादा काही मिळत नाही. उलट छऱ्यांनी मारलेल्या पाखरात शिशाचे कण राहतात, आणि शिसं किडनीलाच बाधतं.

प्रश्न उरतो किती खायचं याचा. डायलिसिस सुरू नसेल तर किलोमागे रोज 0.6 ते 0.8 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 36 ते 48 ग्रॅम. दोन भाकरी आणि वाटीभर वरणातच त्यातली 18-20 ग्रॅम जातात. उरलेल्यात हाडाशिवायचं 80-100 ग्रॅम कच्चं मटण बसतं, तेही त्या दिवशी अंडं-दूध नसेल तर. डायलिसिसवरच्या माणसाला मात्र किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम लागतात. त्याचं मटण घरच्यांनी परस्पर बंद करणं हा भलताच जुलूम. नेमका आकडा रिपोर्ट पाहून डॉक्टर ठरवतील.

खरी गोम शेरव्यात आहे. मटण शिजताना पोटॅशियम, फॉस्फरस आणि प्युरीन (ज्याचं अंगात युरिक ॲसिड होतं) पाण्यात उतरतात. म्हणजे ‘फोडी नकोत, नुसता शेरवा द्या’ म्हणणारा पथ्य नेमकं उलटं पाळतो. वर मीठ, आणि डायलिसिसवाल्याला तेवढं पाणीही मोजावं लागतं. फोडी उकडून ते पाणी फेकायचं, म्हणजे स्वयंपाक करणारीच्या जिवावर येणार, पण उपयोग होतो. मिठाऐवजी ‘लो सोडियम’ मीठ वापरू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं.

आणि रविवारी रात्री मटण हाणून सोमवारी सकाळी रक्त द्यायला जाऊ नका. मांसातल्या क्रिएटिन नावाच्या पदार्थाचं शिजताना क्रिएटिनिन होतं, जेवणानंतर काही तास ते रक्तात वाढलेलं दिसतं, आणि किडनी आहे तशीच असताना रिपोर्ट घाबरवतो. तपासणीआधी किमान 12 तास मटण-मासे टाळा.